सासूबाईंची फुलदाणी
वरकुट्याच्या आमच्या घरात सासूबाईंची विलायती फुलदाणी देवघराजवळ असायची. परवा नातीने विचारलं, "आजी, ही बोन चायना तर नाही ना?"

युरोपात अस्सल चिनी माती आधी जर्मनीत साधली. माइसेनचा कारखाना १७१० सालचा. तिच्यात केओलिन ही पांढरी माती असते, हाड नाही. इंग्लंडात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडने गुरांच्या हाडांची राख घालायची कृती पक्की केली. जवळपास निम्मी राख!

माइसेनची खूण म्हणजे निळ्या तलवारी. आमच्या फुलदाणीच्या तळाशी 'इंग्लंड' छापलंय, आणि आत बॅटरी धरली तर उजेड आरपार येतो. म्हणजे बहुधा तीच.

सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या सासूबाईंना हे कुठून कळणार? देवघराजवळून मी ती हलवली. टाकवत मात्र नाही. माळ्यावर आहे, त्यांच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेली.