दोन लहरींमधला वेळ

१२ जून १८९७ च्या संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आसामात मोठा भूकंप झाला. शिलाँगच्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या; दीड हजारांच्या आसपास माणसे दगावली. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम तपासाला लागले. धक्का कुठे किती वाजता पोहोचला हे ताडायचे, तर घड्याळे जुळायला हवीत. पण तेव्हा देशभर एक वेळच नव्हती. कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. (वेळेच्या बाबतीत आपण तसे जुनेच बेफिकीर!)

कामी आल्या त्या दूर युरोपातल्या यंत्रांवरच्या नोंदी. अशा नोंदींवरून १९०० साली ओल्डहॅमनी तीन लहरी वेगळ्या दाखवल्या. पहिली दाबत-ताणत येणारी, सर्वांत वेगवान. दुसरी आडवी हलवणारी. पृष्ठभागावरून जाणारी शेवटी.

आमच्या उर्दू शाळेतली मुले भूकंपाला जलजला म्हणतात. त्यांना मी विजेचे उदाहरण देतो. आधी लखलखाट, मग गडगडाट. मधला वेळ जितका जास्त, तितकी वीज लांब. इथेही तसेच. भूकंप जवळचा असेल, तर पहिल्या दोन लहरींमधल्या सेकंदांना साधारण आठाने गुणायचे. दहा सेकंद, म्हणजे ऐंशी किलोमीटर. जपानच्या ओमोरींनी असा हिशेब मांडला. यंत्राचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले तरी बिघडत नाही, कारण फरक तोच राहतो. दिशा मात्र यातून कळत नाही; त्यासाठी तीन ठिकाणांहून वर्तुळे काढावी लागतात.

दूरदूरच्या भूकंपांच्या लहरींना लागलेला वेळ मोजूनच ओल्डहॅमनी १९०६ मध्ये दाखवले की पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे.