सह्याद्रीचा जैवविविधता नकाशा : चौकटीत काय बसते, काय निसटते?

एखाद्या प्रदेशात कोणते जीव आहेत, ते नेमके कोठे आहेत आणि सगळेच वाचवणे शक्य नसेल तर आधी काय वाचवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशावर मांडणे म्हणजे जैवविविधतेचे नकाशांकन आणि मूल्यमापन. विषय शास्त्रज्ञांच्या बैठकीत शोभेल असा आहे. परंतु महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या दोन हजारांहून अधिक गावांपुरते बोलायचे तर नवी खाण सुरू होईल की नाही, डोंगरमाथ्यावर नगरवसाहत उभी राहील की नाही, हे याच नकाशावर अवलंबून आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा प्रसिद्ध केला. आदल्याच दिवशी केरळात वायनाड येथे दरडी कोसळून शेकडो माणसे गाडली गेली होती, त्यामुळे या मसुद्याकडे देशाचे लक्ष गेले. वास्तविक मार्च २०१४ पासूनचा हा सहावा मसुदा. त्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र दाखवले आहे. महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर आणि २,१३३ गावांचा, तर गोव्याचा १,४६१ चौरस किलोमीटर आणि १०८ गावांचा. हे आकडे कोठून आले, हे समजून घ्यायचे तर नकाशा कसा तयार होतो, ते आधी पाहावे लागेल.

सगळे मोजता येत नाही

कोणत्याही जंगलातील प्रत्येक जीव मोजणे अशक्य आहे. म्हणून अभ्यासक काही मोजक्या गोष्टी मोजतात आणि त्यांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. भारतात या विचाराला पद्धतशीर रूप मिळाले ते १९८८ मध्ये. भारतीय वन्यजीव संस्थेतील रॉजर्स आणि पन्वर यांनी देशाचे दहा जैवभौगोलिक विभाग पाडले आणि कोणत्या विभागात अभयारण्ये पुरेशी आहेत, कोठे नाहीत, याचा ताळा मांडला. तोपर्यंत अभयारण्ये बहुधा जुन्या शिकारखान्यांच्या किंवा राखीव जंगलांच्या जागी होत असत.

पुढे २००० साली मार्ग्युल्स आणि प्रेसी या दोन अभ्यासकांनी संवर्धन नियोजनाची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी ‘पूरकता’ हे तत्त्व आहे. समजा, तीन डोंगर आहेत. पहिल्या दोहोंवर प्रत्येकी चाळीस जाती आहेत, पण त्या जवळपास त्याच. तिसऱ्यावर बाराच आहेत, पण त्या अन्यत्र कोठेही नाहीत. पैसा दोनच डोंगरांपुरता असेल तर कोणते निवडावेत? सर्वाधिक जातींचे दोन निवडणे ही सहज होणारी चूक आहे. पहिल्या दोहोंपैकी एक आणि तिसरा, ही निवड बरोबर. केवळ प्रजातींची संख्या मोजणारे नकाशे नेमके येथेच फसतात.

नऊ किलोमीटरचा चौकोन

पश्चिम घाटाचा सर्वंकष नकाशा प्रथम मांडला तो प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने. मार्च २०१० मध्ये नेमलेल्या या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला मात्र २०१२ साल उजाडले, आणि त्यासाठीही माहितीच्या अधिकाराची लढाई न्यायालयापर्यंत न्यावी लागली.

समितीने संपूर्ण घाटावर सुमारे नऊ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनांचे जाळे टाकले. प्रत्येक चौकोनाला गुण देताना प्रदेशनिष्ठ वनस्पतींची संख्या, धोक्यात असलेले सस्तन प्राणी, शोलासारखी दुर्मीळ सदाहरित वने, अखंड जंगलाचे प्रमाण, उंची, उतार आणि नदीकाठची झाडी असे निकष लावले. या गुणांची सरासरी काढून चौकोनांची तीन श्रेणींत विभागणी केली.

या पद्धतीतील एक निर्णय फारसा चर्चेत आला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. गुणांची तुलना संपूर्ण घाटात एकत्र न करता राज्यनिहाय करण्यात आली. दक्षिणेकडे पाऊस अधिक महिने पडतो, जंगल अधिक घनदाट आहे. केरळच्या फूटपट्टीने मोजले असते तर नाशिक-पुण्याकडचे डोंगर जवळपास नापासच झाले असते. म्हणून त्या त्या राज्यातील अभयारण्यांचे गुण हा मापदंड मानला गेला आणि अभयारण्याबाहेरील ज्या चौकोनांना निदान तेवढे गुण मिळाले, त्यांचा पहिल्या श्रेणीसाठी विचार झाला. त्यातही एक मर्यादा होती. अभयारण्ये आणि पहिली श्रेणी मिळून एकूण क्षेत्राच्या साठ टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, असे ठरले. ही मर्यादा काही निसर्गाने घालून दिलेली नव्हती. शास्त्रीय नकाशातही कोठेतरी माणसाला रेघ ओढावीच लागते. ती कोठे ओढली हे अहवालात उघड सांगितले आहे, ही समितीची जमेची बाजू.

दुसरा नकाशा

गाडगीळ अहवालावर राज्यांनी काहूर माजवले. तेव्हा ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. या गटाची भिस्त उपग्रहावर होती. २४ मीटरच्या बारकाव्याने घेतलेल्या प्रतिमांवरून घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग पाडले गेले. शेते, बागा आणि वस्त्या सांस्कृतिक भागात गेल्या. नैसर्गिक भागातील जैवसमृद्ध, सलग आणि विरळ वस्तीच्या जंगलांतून सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरले. ज्या गावाचे वीस टक्के वा अधिक क्षेत्र त्यात येईल, ते संपूर्ण गाव यादीत गेले. अशा गावांत खाणकाम, दगडखाणी, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामे यांना बंदी सुचवली गेली. शेती वा घरदुरुस्ती यांचा बंदीच्या यादीत समावेश नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावे लागेल, कारण गावोगावी त्याबद्दलच अधिक अफवा पसरल्या.

गंमत अशी, की दोन्ही समित्यांचा पश्चिम घाटच एक नाही. गाडगीळ समितीच्या हिशेबात तो १,२९,०३७ चौरस किलोमीटर भरतो, तर कस्तुरीरंगन गटाच्या हिशेबात १,६४,२८०. पहिल्यांनी डोंगराची उंची आणि जंगल पाहून सीमा आखली, तर दुसऱ्यांनी घाट विकास कार्यक्रमातील तालुके धरले. डोंगर कोठे सुरू होतो यावरच एकमत नसेल, तर पुढच्या टक्केवाऱ्यांची तुलना जपूनच केलेली बरी.

सडा आणि काजूची बाग

उपग्रहाला हिरवा रंग उत्तम दिसतो. पण जैवविविधता नेहमीच हिरवी नसते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे सडे घ्या. वर्षातले आठ महिने काळा, करपलेला कातळ. सातबाऱ्यावर नोंद पोटखराबा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही ‘उघडा खडक’ असा स्वतंत्र प्रकार आहे. आणि पावसाळा सुरू होताच याच कातळावर बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, तेरडा यांचे गालिचे पसरतात. खळग्यांतल्या पाण्यात चिमुकले जलचर जन्म घेतात, तर सुट्या दगडांखाली पाली आणि देवगांडूळ आसरा घेतात. साताऱ्याचे कास पठार याच जातकुळीचे. २०१२ मध्ये कोयना, चांदोली आणि राधानगरीसह त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु कास मुळातच वनखात्याच्या ताब्यात होते. कोकणातील बहुतेक सडे खासगी मालकीचे वा महसुली आहेत. निकषांत जंगल, उंची आणि उतार यांचे पारडे जड असले की, सपाट आणि वृक्षहीन सडा आपोआप मागे पडतो. मग प्रकल्पासाठी ‘ओसाड’ जागा शोधताना बोट पहिले तेथेच जाते. याच सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. म्हणजे पुरातत्त्वाच्या फायलीत सडा मौल्यवान आणि महसुलाच्या फायलीत निरुपयोगी!

उलट प्रकारही तितकाच बोलका आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछाया असली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, याचा विचार नाही. आंब्या-काजूच्या बागा आणि रबराची लागवडही त्यात मोजली जाते. जुने सदाहरित जंगल तोडून रबर लावले, तरी काही वर्षांनी आकडेवारीत हिरवा रंग पुन्हा भरतो. शेकरू आणि धनेश मात्र परत येत नाहीत.

नुसती मोजदाद किती फसवी असते, याचे उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर सापडते. या पठारावरील पंखा मिरवणाऱ्या सरड्याला २०१६ मध्ये नवी जाती म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच्या कुळाला चक्क मराठीतले ‘सरडा’ हेच नाव देण्यात आले. पठारावर पवनचक्क्या आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते आणि सरडे अधिक. कोणी फक्त सरडे मोजले असते तर पठार सुदृढ असल्याचा निर्वाळा दिला असता. प्रत्यक्षात अन्नसाखळीचा वरचा दुवाच निखळू लागला होता.

दोन हेक्टरांचा मासा

चौकोनाचा आकार हा आणखी एक कळीचा मुद्दा. नऊ किलोमीटरच्या एका चौकोनात ८,१०० हेक्टर जमीन मावते. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. राज्य शासनाने २०२१ मध्ये तेथील २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एवढीशी जागा कोणत्याही मोठ्या जाळ्यातून सुटून जाईल. तिची दखल घ्यायची तर कोणीतरी पाण्यात डोकावून पाहायला हवे.

डोकावणारेही सगळीकडे सारखे पोहोचत नाहीत. अभ्यासक आंबोलीला जातात, कासला जातात, कारण रस्ता आहे आणि राहायची सोय आहे. त्यामुळे नकाशावर नोंदींचे ठिपके तेथेच दाटतात. रिकामी दिसणारी जागा जीवशून्य असते असे नाही, पुष्कळदा ती केवळ न पाहिलेली असते. २००८ पासून सुरू असलेल्या ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’सारख्या व्यासपीठांवर हौशी निरीक्षकांनी भर घातल्याने ही विषमता काही अंशी घटली आहे, पण संपलेली नाही.

गावाची नोंदवही

यावरचा उपाय कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत वा पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. कोणती रानभाजी कोठे उगवते, देवराईत कोणती झाडे उरली, ओढ्यात पूर्वी कोणते मासे मिळत, ही माहिती उपग्रहाकडे नसते. ती धनगराकडे, कातकऱ्याकडे, रानात सरपणाला जाणाऱ्या बायांकडे असते.

प्रत्यक्षात अनेक वर्षे या नोंदवह्या कागदावरच राहिल्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि त्यानंतर दरमहा दहा लाख रुपये दंडाचा इशारा दिला. मग धावपळ झाली. बऱ्याच नोंदवह्या सल्लागारांकडून घाईने भरून घेतल्याची टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. शेजारशेजारच्या गावांच्या वह्यांत एकसारख्याच याद्या असतील तर त्यांचा नकाशाला उपयोग शून्य. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पासाठी पाच वर्षांकरिता १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. पिकांची स्थानिक वाणे, गवताळ प्रदेश आणि सागरी जीव यांच्या नोंदी व संवर्धन हा त्याचा हेतू आहे. गावातल्या वहीतील चांगली माहिती अशा कामाला जोडली गेली, तर तिचे चीज होईल.

गाडगीळ समितीनेही आपल्या चौकोनांना अंतिम मानले नव्हते. बारीक सीमा पाणलोट आणि गावशीव पाहून ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे अहवालातच म्हटले होते. सिंधुदुर्गातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी तर आपला परिसर संवेदनशील जाहीर करा, असे ठराव स्वतःहून केले होते.

तरीही दुसऱ्या नकाशात दोडामार्ग तालुका आलाच नाही. कर्नाटक व गोव्याची जंगले राधानगरी-कोयनेकडच्या जंगलांशी जोडणारा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग याच पट्ट्यातून जातो. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येथे उतरत आहेत. पट्ट्यातील बरेचसे जंगल खासगी मालकीचे असल्याने तेथे तोड करून रबर आणि अननसाची लागवड झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तालुक्यात वृक्षतोडीस बंदी घातली. २०२० मध्ये तिलारी येथील २९.५३ चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अखेर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील गावांना संवेदनशील क्षेत्र ठरवण्याची प्रक्रिया चार महिन्यांत करावी, असा आदेश दिला. २०१३ च्या बंदीनंतरही झाडे तोडली जात असल्याच्या तक्रारी होत्या. त्यामुळे बंदीच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी वन आणि महसूल अधिकाऱ्यांचे कृती दल नेमण्यासही न्यायालयाने सांगितले.