मुक्त चाल

प्रवासाच्या इतिहासात दोन प्रकारच्या माणसांची नावे आवर्जून नोंदली जातात. एक, जो सर्वांच्या आधी पोहोचला तो. आणि दुसरा, जो सर्वांहून दूर गेला तो. जो बेताबेताने गेला, वाटेत थांबला, सोबत मिळाली तेव्हा चार शब्द बोलला आणि तरीही ठरल्या मुदतीत मुक्कामी आला, त्याची दखल घ्यावी असे इतिहासकारांस सहसा वाटत नाही. सायकलीच्या इतिहासात मात्र या तिसऱ्या प्रकारच्या माणसाने आपला हक्क मागून घेतला. त्यासाठी त्याने नियम घडविले, संस्था चालविली, आणि ज्या रस्त्यावर शर्यतीचा डंका वाजत होता तोच रस्ता यथाकाल आपलासा केला. हा रस्ता पॅरिसहून पश्चिमेकडे ब्रेस्त बंदरापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. जाऊन येऊन अंतर भरते सुमारे १२०० किलोमीटर.

या वाटेवरील पहिली सायकलयात्रा सप्टेंबर १८९१ मध्ये झाली. 'ल पति झूर्नाल' या पॅरिसच्या वृत्तपत्राचे पिएर जिफार हे तिचे प्रवर्तक. हवेचे टायर तेव्हा नुकतेच प्रचारात येत होते, आणि सामान्य फ्रेंच नागरिकाच्या दृष्टीने सायकल ही शौकिनांची करमणूक होती. ती दूरच्या प्रवासाचे भरवशाचे वाहन आहे हे जिफारना सिद्ध करावयाचे होते. म्हणून त्यांनी या उपक्रमास शर्यत न म्हणता कसोटी म्हटले. दोनशेहून अधिक पुरुष निघाले. स्त्रियांना त्यात प्रवेश नव्हता. शार्ल तेराँ हा सुमारे ७१ तासांत, न झोपता, सर्वांत आधी परतला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी झिएल-लाव्हाल वाटेत गँगाँ या गावी झोपला असता तेराँने ते गाव ओलांडले व आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना वर्णनासाठी हवे होते ते मिळाले. निघालेल्यांपैकी निम्मे लोक, कोणी कित्येक दिवसांनी, सायकलीवरूनच पॅरिसला परत आले, आणि जिफारची कसोटी खऱ्या अर्थाने उत्तीर्ण झाली ती त्यांच्यामुळे. परंतु लोकांच्या ध्यानात राहिला तो तेराँ. कसोटीची शर्यत झाली ती अशी.

यापुढे दर दहा वर्षांनी व्यावसायिक स्पर्धकांसाठी ही शर्यत भरू लागली. १९०१ साली मोरिस गारँ याने ती सुमारे ५२ तासांत जिंकली. त्या वर्षी व्यावसायिकांबरोबर शंभराहून अधिक हौशी प्रवासीही निघाले होते. बक्षिसाची आशा नसलेल्या माणसांस या लांब वाटेचे आकर्षण असते, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती. अशा माणसांनी रस्त्यावर कसे वागावे, याविषयी पुढे दोन मते पडली.

पहिल्या मताचा उगम इटलीत आहे. जून १८९७ मध्ये बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर अंतर दिवसाच्या उजेडात तोडून गेले. या धाडसावरून, धाडसी या अर्थाच्या लॅटिन शब्दाने, अशा स्वारांस 'ऑडॅक्स' हे नाव पडले. १९०४ साली ही कल्पना फ्रान्समध्ये आणली ती आँरी देग्राँज यांनी. देग्राँज हे स्वतः १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर जाऊन विक्रम करणारे, 'लोतो' या क्रीडापत्राचे संपादक आणि १९०३ पासून सुरू झालेल्या 'तूर द फ्रान्स' या शर्यतीचे जनक. अशा गृहस्थाने हौशी स्वारांसाठी मात्र शर्यतीच्या अगदी उलट नियम केले. सर्वांनी एकत्र निघावे, एकत्र थांबावे, एकत्र पोहोचावे. पुढे नायक असावा आणि त्याने ठरविलेली चाल कोणीही ओलांडू नये. आजच्या ऑडॅक्स नियमांत ही चाल ताशी २२.५ किलोमीटर असते. आपल्याकडील दिंडीत जशी पावले एकमेकांस धरून पडतात, तशीच ही चक्रांची दिंडी म्हणावी. याच वर्षी स्थापन झालेल्या 'ऑडॅक्स क्लब पारिझियाँ' या मंडळाकडे देग्राँज यांनी अशा यात्रांची व्यवस्था सोपविली.

दुसऱ्या मताचे आचार्य पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०). 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते फ्रान्सभर ओळखले जात. सँत-एतिएन या डोंगराळ भागातील औद्योगिक शहरात त्यांचा रेशमाचा व्यापार होता. तो १८८७ मध्ये सोडून त्यांनी सायकलींचा व्यवसाय धरला व त्याच वर्षी सायकलप्रवासास वाहिलेले नियतकालिक काढले; ते पुढे 'ल सिक्लीस्त' या नावाने प्रसिद्ध झाले. घराच्या दारातून निघाले की चढ लागतो, अशा गावच्या माणसाला एकाच गतीच्या सायकलीचे वैगुण्य कोणी समजावून सांगावे लागत नाही. व्हेलोसिओंनी पायडलापाशी दोन दंतचक्रे बसविली आणि चढ आला की साखळी हाताने उचलून एकावरून दुसऱ्यावर घालण्याची युक्ती केली. अनेक गिअरांचा पुरस्कार त्यांनी आयुष्यभर केला. देग्राँज यांना गिअर म्हणजे दुर्बलांचा आधार वाटे. त्यांच्या 'तूर द फ्रान्स'मध्ये व्यावसायिक स्पर्धकांना गिअर बदलण्याची यंत्रणा वापरण्यास मुभा मिळाली ती थेट १९३७ साली.

वाद वरवर यंत्राचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी मनुष्याविषयीचे दोन समज होते. देग्राँज यांच्या लेखी रस्ता हा स्नायूंची परीक्षा घेणारा परीक्षक होता. व्हेलोसिओंच्या लेखी सायकलस्वार हा प्रथम प्रवासी होता, आणि प्रवाशाने आपल्या देहाशी भांडू नये. त्यांनी सायकलस्वारांसाठी जे नियम सांगितले ते एखाद्या वैद्याला शोभावेत असे आहेत : भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, अन्न गोड लागेनासे होईल किंवा झोप येईनाशी होईल इतके थकू नये, आणि केवळ मिरविण्यासाठी पायडल मारू नये. या उपदेशामागे आळस होता असे मात्र कोणी समजू नये. व्हेलोसिओ स्वतः रात्रभर सायकल चालवून पहाटे प्रोव्हान्सच्या सपाटीत उतरत, आणि हा क्रम त्यांनी उतारवयापर्यंत ठेवला. सँत-एतिएनजवळची, ११६१ मीटर उंचीची रेप्युब्लिक खिंड ही त्यांची नित्याची वाट. १९२२ पासून तेथे त्यांच्या नावाने सायकलस्वारांचा मेळावा भरू लागला.

या दोन मतांचा व्यवहारात कस लागला तो १९२१ साली. देग्राँज व 'ऑडॅक्स क्लब पारिझियाँ' यांच्यात बेबनाव झाला आणि सांघिक यात्रांची प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार क्लबच्या हातून गेला. त्या पद्धतीची धुरा त्याच वर्षी एका नव्या मंडळाने उचलली. क्लबने यावर मार्ग काढला तो असा : नायक नको, ठरलेली चाल नको, सर्वांस एक वाट व एक मुदत द्यावी आणि त्या मुदतीत ज्याने त्याने आपापल्या गतीने जावे. या पद्धतीस 'मुक्त चाल' असे नाव मिळाले. सप्टेंबर १९२१ मध्ये २०० किलोमीटरची अशी पहिली यात्रा झाली. लांबच्या भटकंतीस फ्रेंचमध्ये 'राँदोने' म्हणतात. त्यावरून हे स्वार 'राँदोनर' झाले. एका मंडळाच्या रुसव्याफुगव्यातून जन्मलेली ही पद्धत पुढे जगभर पसरेल, असे त्या वेळी कोणास वाटले नसावे.

दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, प्रवासाची ही तिन्ही तत्त्वे पॅरिस–ब्रेस्तच्या वाटेवर उतरली. व्यावसायिकांची शर्यत झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमनने पन्नास तासांच्या आत जिंकली. ऑडॅक्स पद्धतीचा जथा नायकामागे शिस्तीने गेला. आणि मुक्त चालीचे स्वार ९६ तासांची मुदत घेऊन निघाले. १८९१ साली ज्यांना दारातच अडविले होते त्या स्त्रियाही त्यांच्यात होत्या. पाच वर्षांनी, १९३६ साली, फ्रान्समधील कामगारांस वर्षातून दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला, आणि सायकलींवर व दोघांच्या टँडेमांवर सामान बांधून हजारो कुटुंबे समुद्राकडे निघाली. त्यांतील बहुतेकांनी व्हेलोसिओंचे नावही ऐकले नसेल. पण आपल्या वेळेचे आपण धनी होण्यात काय सुख आहे, हे त्यांस निराळे शिकवावे लागले नाही.

काळाने या तिघांचा निवाडा कसा केला? व्यावसायिकांची पॅरिस–ब्रेस्त शर्यत १९५१ नंतर झालीच नाही. इतक्या लांबीच्या शर्यतीने उरलेला हंगाम वाया जातो, म्हणून नामांकित स्पर्धक तिच्याकडे फिरकेनासे झाले. ऑडॅक्स पद्धतीची यात्रा टिकली, पण लहान वर्तुळात. मुक्त चालीची यात्रा मात्र वाढत गेली. १९८३ साली तिच्या जागतिक संघटनेची स्थापना झाली. आज पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस दर चार वर्षांनी होते, आणि २०१९ व २०२३ साली सहा हजारांहून अधिक स्वार तीत निघाले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर अशा शहरांतून २०० ते ६०० किलोमीटरच्या यात्रा नियमाने होऊ लागल्या, आणि पॅरिसच्या यात्रेत भारतीय स्वार शेकड्यांनी दिसू लागले.

मुक्त चालीचे नियम पाहिले म्हणजे तिच्या यशाचे मर्म कळते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस, आणि पॅरिस–ब्रेस्तला जास्तीत जास्त ९० तास. खाणे, झोपणे, पंक्चर काढणे हे सारे धरून ताशी तेरा ते पंधरा किलोमीटर पडले तरी भागते. वाटेत ठाणी असतात. तेथे पत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा. ठाणे बंद होण्याची वेळ ठरलेली असते तशी उघडण्याचीही. फार लवकर पोहोचणाऱ्यास थांबावे लागते. क्रमांक कोणालाच मिळत नाही. मुदतीच्या दहा तास आधी आलेला आणि शेवटच्या घटकेस आलेला, दोघेही सारखेच उत्तीर्ण.

सांघिक पद्धतीची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. तीत बलवान स्वार स्वतःला आवरतो आणि दुबळा स्वार मागे टाकला जात नाही. हा गुण लहान नव्हे. मुक्त चालीत दमलेल्या सोबत्यास सोडून पुढे जाण्यास कोणी मनाई करीत नाही, आणि पहाटेच्या तीन वाजता, डोळ्यांवर झोप असता, रस्त्यावर एकटा उरलेल्या माणसास या स्वातंत्र्याचे मोल जड वाटत असेल. नव्वद तासांत झोप अपुरीच होते, तेव्हा व्हेलोसिओंच्या वैद्यकाशीही ही यात्रा पुरती जुळत नाही. परंतु सोबत ही नियमाने बांधलेली नसली म्हणजेच तिची खरी पारख होते. नायकाच्या आज्ञेने शेजारी चालणारा माणूस चांगला असेलही; पण पुढे जाण्याची मोकळीक असूनही जो आपल्या दिव्याच्या उजेडाशेजारी आपला दिवा ठेवतो, त्याचे शेजारीपण त्याने स्वतः निवडलेले असते. ओळख चढावर होते, उतारावर तुटते आणि पुढल्या ठाण्यावर, सूपाच्या वाडग्याशी, पुन्हा जुळते.

हा सहवास स्वारांपुरताच राहिलेला नाही. यात्रेच्या दिवसांत ब्रेस्तकडील खेड्यांतून लोक आपल्या दारांपुढे मेजे मांडून बसतात आणि कोण कुठला, पुढे किती गेले, हे न विचारता येणाऱ्याजाणाऱ्यास कॉफी, पाणी, धिरड्यासारखे क्रेप देतात. काही जण पैशांऐवजी एवढेच मागतात की, घरी पोहोचल्यावर आपल्या गावाहून एक चित्र-पोस्टकार्ड धाडावे. शर्यतीतला स्वार या मेजापाशी कधीच थांबला नसता, आणि जथ्यातल्या स्वारास थांबण्यासाठी नायकाची परवानगी लागली असती. मुक्त चालीच्या स्वाराजवळ तेवढा वेळ असतो.