मान खाली घालून घेतलेले फोटो

आजी-आजोबांच्या काळातला अल्बम उघडला की दोन गोष्टी ध्यानात येतात. पुष्कळसे फोटो चौरस असतात आणि त्यांतली माणसे किंचित खालून पाहिल्यासारखी, जरा उंच दिसतात. हा योगायोग नव्हे. फोटो घेणाऱ्याने कॅमेरा पोटाशी धरला होता आणि मान खाली घालून तो त्यातल्या काचेत पाहत होता. कॅमेऱ्याची ही पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, फोटो घडवण्यात भिंगाइतकाच वाटा उचलते. नाव मात्र भिंगाचे होते.

१९०१ साली कोडॅकने ‘नंबर २ ब्राउनी’ हा डबा कॅमेरा काढला. आजही मिळणारी १२० नंबरची फिल्म त्याच्याबरोबरच आली. फोटो आयताकृती, म्हणून डब्याला खिडक्या दोन : एक आडव्या फोटोसाठी, दुसरी उभ्यासाठी. पण त्यांतले चित्र नखाएवढे. माणूस चौकटीत आहे एवढे कळे. चेहरा स्पष्ट येणार की नाही, हे फिल्म धुतल्यावरच.

ही अडचण १९२९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या फ्रांके आणि हायडेके यांच्या रोलायफ्लेक्सने सोडवली. यात भिंगे दोन. खालचे फोटो घेई, वरचे नुसते पाहण्यासाठी. वरच्या भिंगामागे तिरका आरसा आणि त्यावर दुधी काच. चित्र फोटोएवढेच मोठे दिसे आणि स्पष्टपणाही तिथेच जुळवता येई. फोटो चौरस असल्याने उभे-आडवे करण्याचा प्रश्नच मिटला. एक खोड मात्र राहिली : आरशामुळे डावे-उजवे उलटे. मूल उजवीकडे धावले की काचेत ते डावीकडे पळे. हाताला याची सवय होण्यास काही फिल्मी खर्ची पडत.

काचेभोवतीच्या घडीच्या झाकणात, म्हणजे हूडमध्ये, एक छोटे भिंग असे आणि हूडची पुढची पट्टी आत ढकलली की डोळ्याला लावून सरळ पाहण्याची चौकट तयार होई. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना दोन्ही सोयी उपयोगी. दिल्लीत राहून स्वातंत्र्याचा काळ टिपणाऱ्या आणि २०१२ साली बडोद्यात निवर्तलेल्या होमाई व्यारावाला यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता. त्याच बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या ‘आग्फा क्लिक-३’ने पुढे सामान्य घरांत कॅमेरा थेट डोळ्यापाशी नेला.

१९४८ साली स्वीडनच्या हॅसलब्लाडने खिडकीच सुटी केली : हवी तेव्हा काढा, दुसरी बसवा. रोलायफ्लेक्सच्या १९६० सालच्या २.८ एफचाही हूड निघतो. त्या जागी काचेचा भरीव लोलक, म्हणजे प्रिझम, बसवला की चित्र डावे-उजवे सरळ दिसते आणि कॅमेरा डोळ्याशी येतो. तिसरा प्रकार उंच, बंद नळीचा. ती बाहेरचा उजेड अडवते व चित्र मोठे दाखवते, पण उलटेपणा तसाच राहतो.

मग घ्यायचे कोणते? आधी फोटोचा आकार पाहावा. चौरस फोटोला साधा हूड पुरतो. १९७५ सालच्या मामिया एम ६४५चा फोटो आयताकृती. उभा फोटो घ्यायला कॅमेरा आडवा करावा लागतो आणि मग वरून पाहण्याची सोय कुचकामी ठरते. तिथे प्रिझम हवाच. त्याच कंपनीच्या १९७० सालच्या आरबी ६७मध्ये फिल्मची पाठच फिरते, म्हणून तो जड प्रिझम टाळता येतो. दुपारच्या उन्हात किंवा तिकाटण्यावर काम असेल आणि नजर अधू झाली असेल, तर नळी बरी.

जुना प्रिझम विकत घेताना तो आकाशाकडे धरून आरपार पाहावे. आतला चांदीचा थर उडाला असेल तर काळे डाग दिसतात. प्रिझममध्ये प्रकाशमापक असेल, तर तो पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारा आहे का, हे विचारावे. त्या बॅटऱ्या आता बाजारात नाहीत. आपल्या कॅमेऱ्याचा हूड निघतो का, हेही आधी पाहावे; जुन्या रोलायफ्लेक्सचा निघत नाही. दुधी काच बदलून उजळ काच बसवताना ती नेमक्या उंचीवर बसली नाही, तर खिडकीत स्पष्ट दिसणारा चेहरा फिल्मवर धूसर येतो. आणि तिरक्या आरशाला फडके कदापि लावू नये. त्याचा चांदीचा थर वरच्या बाजूलाच असतो. धूळ हवेच्या फुग्यानेच उडवावी.

एवढे सांभाळले तरी एक निवड उरते, ती समोरच्या माणसाची. प्रिझम लावला की त्याला कॅमेऱ्यामागे लपलेला चेहरा दिसतो. हूडमध्ये पाहणारा मधूनच मान वर करतो, दोन शब्द बोलतो आणि मग बटण दाबतो. जुन्या अल्बममधली आजी कॅमेऱ्याच्या किंचित वर पाहून हसत असेल, तर ती बहुधा यंत्राकडे नव्हे, फोटो घेणाऱ्याकडे पाहत होती.