फाटक आणि वालचंद

नव्या उद्योगात पडणाऱ्या तरुणाने पुढारीपण कसे करावे, हे पाहावयास आपणां अक्कलकोटकरांना फार दूर जावयास नको. सोलापूर येथून अवघे चाळीस किलोमीटर. तेथेच १८८२ साली वालचंद हिराचंद दोशी जन्मास आले. घरचा व्यवसाय सावकारीचा आणि कापसाचा. गादीवर बसून जन्म सुखात गेला असता.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले, ते लक्ष्मणराव बळवंत फाटक ह्यांच्या जोडीने. फाटक हे एके काळचे रेल्वेतले कारकून. वालचंदांच्या पाठीशी घरची पेढी, तर फाटकांपाशी रेल्वेच्या कामाची माहिती. तरीही कंपनीचे नाव पडले 'फाटक-वालचंद'. कारकुनाचे आधी, सावकारपुत्राचे मागून! भागीदारी म्हणजे उद्याचे भांडण, असे वडीलधारी मंडळी बजावतात, आणि त्यांचा अनुभव अगदीच खोटा नव्हे. तथापि जे आपल्याला येत नाही ते ज्याला येते, त्याला नोकर न करता बरोबरीचा मानणे, हेच वालचंदांचे खरे पुढारीपण, असे माझे मत आहे. नुसते हुकूम सोडण्यास पेढीवरचा कोणीही पुरतो.

१९१९ साली सिंदिया कंपनी निघाली. तिचे अध्यक्ष नरोत्तम मोरारजी. सोलापूरची जुनी गिरणी त्यांच्याच घराण्याची. ५ एप्रिलला 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले आणि ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले. १९२३ च्या कराराने सिंदियाच्या जहाजांना दहा वर्षांपुरती ७५,००० टनांची मर्यादा पडली. करार मानहानीचा खरा, पण कंपनी जगली. वालचंद अध्यक्ष झाले ते नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर, १९२९ साली. इतका धडाडीचा पुरुष तोवर दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली काम करीत राहिला, ही गोष्ट चरित्रे वाचताना सहज निसटते.

१९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली तीही ह्याच रीतीने. विमानांची माहिती पॉली ह्या अमेरिकनाची, साहाय्य म्हैसूर संस्थानाचे. पुढे हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले. युद्ध दाराशी आले तेव्हा, १९४२ साली, त्याच सरकारने कारखाना ताब्यात घेतला. फाटकांशी जमली तशी बरोबरी ह्या भागीदाराशी जमण्यासारखी नव्हती.