पुरुषांतील स्तनवृद्धी : थांबावे केव्हा, उपचार केव्हा?

आठवी-नववीतला मुलगा एकाएकी पोहायला जाणे बंद करतो, ऐन उन्हाळ्यात बनियनवर जाड शर्ट चढवतो, खेळाच्या तासाला पोटदुखीचे निमित्त सांगतो. घरच्यांना कारण उमगत नाही आणि तोही सांगत नाही. अशा कित्येक मुलांच्या संकोचामागे छातीचा वाढलेला उभार असतो. वैद्यकशास्त्रात त्यास 'गायनेकोमास्टिया' म्हणतात. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने हा शब्द रूढ केला, तर सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या वैद्याने त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन करून ठेवले आहे. विकार नवा नाही. नवी आहे ती त्याभोवती उभी राहिलेली जाहिरातबाजी.

स्तनग्रंथींचा अंश प्रत्येक पुरुषाच्या शरीरात जन्मतःच असतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्यांची वाढ घडवते, टेस्टोस्टेरॉन ती रोखते. वयात येताना या दोहोंचा तोल काही काळ ढळतो आणि स्तनाग्रामागे दुखरी, चकतीसारखी गाठ हाताला लागते. पाहण्यांमधील आकडे वेगवेगळे असले, तरी सुमारे निम्म्या मुलांना हा अनुभव कमीअधिक प्रमाणात येतो. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी ही वाढ ठळक होते आणि बहुतेकांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. म्हणूनच या वयातील पहिला उपचार म्हणजे तपासणी, धीर आणि दर काही महिन्यांनी फेरतपासणी. 'काही करू नका' हा सल्ला पालकांना रुचत नाही, पण बहुतांश मुलांसाठी तोच योग्य असतो.

गाठ की चरबी?

छाती मोठी दिसली म्हणजे ग्रंथी वाढलीच असे नाही. स्थूल मुलांमध्ये अनेकदा केवळ चरबी साठलेली असते. डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून अंगठा व बोट यांच्या चिमटीत छाती धरून तपासतात. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट चकती जाणवते. चरबी असेल तर असा अडथळा लागत नाही. शंका राहिल्यास सोनोग्राफी करतात. निव्वळ चरबीवर वजन घटवणे हा खरा उपाय होय. ग्रंथी मात्र व्यायामाने विरघळत नाही, हे जिममध्ये महिनोन् महिने बेंचप्रेस मारणाऱ्या तरुणांना कोणीतरी सांगायला हवे.

कारणांचा शोध घेताना औषधांची चौकशी आधी करावी लागते. केसगळतीसाठी तरुण सर्रास घेतात ते फिनास्टेराइड, रक्तदाब व हृदयविकारावरील स्पायरोनोलॅक्टोन, मनोविकारावरील रिस्पेरिडोन, क्षयावरील आयसोनियाझिड, एचआयव्हीवरील एफाविरेन्झ या औषधांनी स्तनवृद्धी होऊ शकते. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. पर्याय देणे हे डॉक्टरांचे काम आहे. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडची गोष्ट वेगळी. बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि 'मर्दानी' छातीसाठी घेतलेले इंजेक्शन नेमके उलटे फळ देते. अशा तरुणाने डॉक्टरांपासून ही माहिती लपवली, तर पुढचा सारा खर्च वाया जाण्याचा धोका असतो.

यकृताचा सिरॉसिस, मूत्रपिंड निकामी होणे, थायरॉइडचा अतिरेक, तसेच एक्स गुणसूत्र जादा असलेला क्लाइनफेल्टर सिंड्रोम हीदेखील कारणे आहेत. सर्वांत महत्त्वाची व सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी शक्यता वृषणातील अर्बुदाची. क्वचित प्रसंगी त्याचे पहिले लक्षण छातीवर दिसते. त्यामुळे वृषणांची तपासणी न करताच शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या दवाखान्यातून उठून यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वयात येण्यापूर्वीच झालेली वाढ, झपाट्याने वाढणारी गाठ, एकाच बाजूची कठीण व मध्यापासून सरकलेली गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा स्राव, त्वचेवर खळी यांपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नये. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का पुरुषांत आढळतो.

औषधांची मर्यादा

वाढ ताजी आणि दुखरी असेल, तरच गोळ्यांचा उपयोग होतो. साधारण वर्षभरानंतर ग्रंथीची जागा तंतुमय पेशीजाल घेते आणि मग औषध निष्प्रभ ठरते. टॅमॉक्सिफेन तीन ते सहा महिने दिल्यास वेदना आणि आकार कमी होऊ शकतो. मात्र या विकारासाठी त्याचा वापर अधिकृत मान्यतेबाहेरचा आहे आणि रक्तात गुठळ्या होण्यासारखे दुष्परिणाम असल्याने ते देखरेखीखालीच घ्यावे. अॅनास्ट्रोझोलकडून मोठी आशा होती; परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वयात येणाऱ्या मुलांना त्याचा लाभ नुसत्या बिनऔषधी गोळीपेक्षा अधिक झाला नाही. टेस्टोस्टेरॉनची कमतरता तपासणीत सिद्ध झाली असेल, तरच ते देतात.

वाढ वर्षाहून अधिक टिकली, यौवनावस्था पूर्ण झाली आणि मानसिक त्रास होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. चरबी लायपोसक्शनने काढतात. ग्रंथी मात्र स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन काढावी लागते. ही पद्धत वेबस्टर यांनी १९४६ साली मांडली. बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र करतात. 'केवळ लायपोसक्शनने काम होईल' असे सांगितले गेल्यास ग्रंथीचे काय, हा प्रश्न जरूर विचारावा. छाती फारच ओघळली असेल, तर जादा त्वचाही कापावी लागते व व्रण मोठा राहतो. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीस पाठवावा.

रक्त किंवा पाणी साठणे, स्तनाग्राची संवेदना मंदावणे, दोन्ही बाजू असमान दिसणे हे संभाव्य धोके आहेत. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त खरवडली, तर स्तनाग्र बशीसारखे आत जाते. हे टाळण्यासाठी कुशल शल्यविशारद त्यामागे थोडा थर मुद्दाम राखतात. नंतर काही आठवडे घट्ट दाबपट्टा वापरावा लागतो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. अनेक विमा पॉलिसींतून सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते आणि ही शस्त्रक्रिया त्याच रकान्यात टाकली जाण्याचा संभव असतो. म्हणून दाखल होण्यापूर्वीच तपासण्यांचे अहवाल, निदान आणि वैद्यकीय गरजेचा उल्लेख असलेले डॉक्टरांचे पत्र कंपनीकडे सादर करून मंजुरी लेखी घ्यावी.