चित्राच्या तोंडचे शब्द

मुलांच्या दप्तरांतून चित्रकथा हिसकावून घेणारा मी मास्तर. तेव्हा वाचकहो, हे लिखाण प्रायश्चित्तच समजा!

२ जून १९०९ रोजी सेऊलच्या ‘देहान मिन्बो’ या वृत्तपत्राच्या पहिल्याच अंकात ली दो-योंग यांचे व्यंगचित्र झळकले. कोरियन चित्रकथेचा, म्हणजे ‘मान्ह्वा’चा, आरंभ इथूनच मानतात. विलायती पोशाखातला एक गृहस्थ, अन् त्याच्या तोंडून निघणाऱ्या चार ओळी. आद्याक्षरे जुळवावीत तो पत्राचेच नाव! पुढल्याच वर्षी जपानने देश गिळला, पत्र बंद पडले. रेघ मात्र टिकली. कोवळ्या वयात जपानी सैनिकांच्या वासनेला बळी पडलेल्या ली ओक-सन यांची कहाणी कुम-सुक जांद्री-किम यांनी २०१७ साली ‘गवत’ या चित्रग्रंथात काळ्या शाईने रेखाटली. इंग्रजीतून ती वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला.

जप्त केलेली पुस्तके अजून माझ्या कपाटात आहेत. दिवाळीची सुट्टी संपताच परत करायची आहेत.